अज्ञात इसम

तक्रारीच्या फॉर्मवर नावासाठी तेरा चौकटी.
एस्तेर चक्रनारायण त्यांत मावत नाही.
चक्रापाशी चौकटी संपतात,
नारायण समासात लोंबतो.
मिरजेच्या शाळेतही तो असाच लोंबायचा.

पत्ता: फरवानिया, नर्सेसचं सरकारी वसतिगृह, चौथा मजला.
तक्रारीचं स्वरूप: जागा तीन ओळींची.
लिहिलं, रात्री कुणीतरी दाराचं हँडल खाली दाबतं.
जोरात नाही.
नाडी बघताना आपण मनगट दाबतो, तेवढंच.
मग सोडतं. चपला पुढच्या दाराकडे जातात.

पुरावा जोडा.
जोडला. अतिदक्षता विभागातली बाई मी,
तासातासाला लिहायची बोटांना खोडच:
तीन वाजून पाच. हँडल एकदा.
तीन दहा. दोनदा. कॉरिडॉरचा दिवा बंद.
शुक्रवार, काही नाही.
शुक्रवारी त्यालाही सुट्टी असावी.
मी जागीच होते. तेही लिहिलं,
रकाना कोरा सोडणं आमच्यात गुन्हा.

बिन्सी म्हणाली, नको देऊस,
मार्चमध्ये करार संपतोय तुझा.
मारिविकने तिची युक्ती दाखवली:
दाराला खुर्ची, खुर्चीवर इस्त्री, इस्त्रीवर स्टीलचा डबा.
गेल्या वर्षीपासून मांडते, म्हणाली,
आणि भात लावायला गेली.

वॉर्डन मिस नजात. वाईट बाई नाही.
वेलची घालून चहा दिला.
पहाटे तीनला तू जागी का होतीस?
म्हटलं, अकरा वर्षं रात्रपाळी केली, देह विसरत नाही.
दार उघडून पाहिलंस?
नाही.
म्हणजे माणूस पाहिला नाहीस.
हँडल पाहिलं.
हँडलविरुद्ध तक्रार घेता येत नाही, सिस्टर.
हसली. मग हसू आवरून
उजवीकडून डावीकडे एकच शब्द लिहिला: मजहूल.

अज्ञात.
आमच्या पेपरात रोज यायचा तो, अज्ञात इसम,
सायकली पळवायचा, कडब्याच्या गंजी पेटवायचा.
लहानपणी मला वाटे, एकच माणूस आहे,
फार फिरतो बिचारा.
तो इथवर येईल असं वाटलं नव्हतं.

आठवड्याने लिफ्टशेजारी नोटीस लागली,
तीन भाषांत, शिक्क्यासकट:
रात्री दहानंतर रहिवासी महिलांनी
कॉरिडॉरमध्ये थांबू नये. मोठ्याने बोलू नये.
पोशाख सभ्य असावा.
बल्ब मात्र नवा बसवला. खोटं कशाला बोलू.

तुझ्यामुळे, असं कुणीच म्हणालं नाही.
स्वयंपाकघरात मला न मागता शेगडी मिळाली
आणि माझ्या मागे
भांडी जरा जास्तच जोरात घासली गेली.

तिसऱ्या रात्री, नव्या बल्बच्या उजेडात,
दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली.
पेनाचं टोपण मी दातांनी काढलं.
तीन वाजून सात.
खूप वेळाने कुठेतरी एक डबा पडला,
त्याचं झाकण फरशीवर फिरत राहिलं, फिरत राहिलं.
कुणी दार उघडलं नाही. मीही नाही.

सकाळी फटीतून आत सरकवलेले कागद.
एक मल्याळीत, मला फक्त आकडे कळले: तीन, नऊ.
एक हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर:
तीन बारा, डबा गेला, झाकण चेपलं.
आणि एक, सही नसलेला, घडी घालघालून मऊ पडलेला,
तारखा गेल्या फेब्रुवारीपासूनच्या,
दर महिन्याला शाई वेगळी.
ही कोण, मला अजून माहीत नाही.

मिस नजातकडून नवा फॉर्म आणला.
तेरा चौकटी. नारायण पुन्हा समासात.
पुरावा जोडा.
एवढ्या जाडीत स्टेपलरची पिन शिरेना.
मग ट्रंकेतून सुई काढली, काळा दोरा ओवला,
आणि कडेने टाके घातले,
सात.